बारा ते दोनचा पहारा

३ मार्च, सोमवार

बीडच्या दवाखान्यातल्या मॅडमनी मला एक वही दिली आहे. तिच्यात रोज दुखणं दहापैकी किती ते लिहायचं, गोळ्या किती घेतल्या ते लिहायचं, पोट साफ झालं का तेही लिहायचं. ती वही माझी बायको वनमाला वाचते, मॅडम वाचतात. म्हणून ही दुसरी काढली. २०२० सालची ऑफिसची डायरी आहे. वायरमन लोकांना दरवर्षी मिळायची. ही आली तेव्हा मी पाठीत सहा स्क्रू घालून पडलो होतो, त्यामुळे कोरीच राहिली. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहीन.

आज दुखणं सात. मॅडमच्या वहीत नऊ लिहिलं. सात लिहिलं की त्या गोळी कमी करतात. गोळ्या आठ घेतल्या, वहीत पाच लिहिल्या. हल्ली कंपनी गोळीत औषधच घालत नाही बहुतेक. पोलवरून पडलो त्या वर्षी दोन गोळ्यांत दिवस निघायचा.

जेवताना वनमाला म्हणाली, "बजरंगभावजीचं बगा. त्यांनी वरीस झालं, एक बी गोळी घेतली न्हाई."

हे वाक्य मी या महिन्यात चौथ्यांदा ऐकलं. महिना सुरू होऊन तीन दिवस झालेत.

९ मार्च, रविवार

मारुतीच्या पारावर सप्त्याची बैठक झाली. चैत्रात हनुमान जयंतीला आमच्या गावात सप्ता असतो. सात दिवस अखंड नाम चालतं, आणि सातही दिवस विणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. दोन दोन तासांचे पहारे, आणि पहारे घराण्यांना वाटलेले. दुपारी बारा ते दोन हा पहारा आमच्या घरचा. आधी आजोबा उभे राहायचे, मग वडील, मग तेवीस वर्षं मी. उन्हाचा पहारा म्हणून कोणी मागत नसे. मी कधी पाय बदलला नाही की भिंतीला टेकलो नाही.

आप्पाराव सप्त्याचा कारभार बघतात. त्यांनी यादी वाचली. "बारा ते दोन, बजरंग." आणि पुढे गेले. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मी तिथेच होतो, प्लास्टिकच्या खुर्चीत, म्हाताऱ्यांच्या बाजूला. बजरंग खाली मांडी घालून बसला होता. माझ्याच वयाचा आहे, बावन्न. आम्ही चौसाळ्याच्या शाळेत एका बाकावर होतो.

त्याचंही पाठीचंच दुखणं. विहिरीतून पाण्याची मोटर काढताना मणका सरकला. दोन वर्षं त्याच मॅडमकडे, त्याच गोळ्या. आता चाळीस शेरडं घेऊन माळावर हिंडतो, वाकून झरा उकरतो, आणि माझ्या पहाऱ्याला उभा राहतो. देवाला दोन पाठी दिसल्या आणि त्याने एक निवडली. मला त्याचा हेवा वाटतो, हे इथे लिहायला हरकत नाही.

१७ मार्च, सोमवार

बीडला जाऊन आलो. वनमालेने मला न विचारता बजरंगला सोबत घेतलं. म्हणे, एसटीत तुम्हाला डुलकी लागते, मागच्या वेळी सीटवरून खाली आलात, मला एकटीला उचलवत नाही. खरं तर मागच्या वेळी ड्रायव्हरने ब्रेक जोरात मारला होता.

दवाखान्यात बजरंग दिसताच मॅडमचा चेहरा खुलला. "अरे, तुम्ही. कसे आहात? चालणं चालू आहे ना?" शिकाऊ डॉक्टर पोरींना त्या म्हणाल्या, "हे बघा, हे आमचे पेशंट." बजरंग लाजला. मला ते लाजणंही बघवलं नाही. मग माझा नंबर. माझ्याकडे बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. वही चाळली, माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." वनमाला आणि बजरंग मात्र आतच राहिले.

पडदा अर्धा सरकलेला होता. वनमाला पदर तोंडाला लावून काहीतरी सांगत होती आणि बजरंग मान डोलवत होता. माझं दुखणं, आणि मीच बाहेर. बायको माझी आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर तो. अर्ध्या तासाने आले तेव्हा दोघांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं.

येताना चौसाळ्याला चहा घेतला. वनमाला म्हणाली, "आजपासून गोळ्या माज्याकडं ऱ्हातील. मॅडमनी सांगितलंय. हळूहळू उतरवायच्यात, एकदम न्हाई."

मी बजरंगला म्हणालो, "हे तुजंच डोकं दिसतंय."

तो म्हणाला, "मॅडमचं हाय. मी निस्तं व्हय म्हनलो."

२२ मार्च, शनिवार

आठवरून सहा. आठ हा आकडा वनमालेने रिकाम्या पाकिटांवरून काढला म्हणे. वनमालेने डबा कपाटात ठेवलाय आणि किल्ली कमरेला. माझ्याच घरात मला हात पुढे करावा लागतो.

मला सर्दी झालीय. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, दिवसभर जांभया, आणि पायात काहीतरी सळसळतं, ते एका जागी ठरत नाही. हवा बदलली की असं होतं. दुपारी घामाने बनियन भिजलं. वनमालेवर ओरडलो की भाजीत मीठ नाही. मीठ होतं.

संध्याकाळी बजरंग फाटकाशी आला. मी पडल्या पडल्या खिडकीतून बघत होतो. वनमाला त्याच्याशी बोलत होती आणि मधेच हसली. माझ्यासमोर ती शेवटची कधी हसली ते मला आठवलं नाही. मग आत आली आणि म्हणाली, "ताक पीत जावा, आन् रोज सकाळी मारुतीपतूर चालत जाऊ आपन. पायाला गरम वाळूची पोटली बांधते."

"हे कोणी सांगितलं?"

"कावून? कुनी बी सांगितलं तरी."

ती वाळूची पोटली मी लाथेने उडवली. खोलीभर वाळू झाली. ती खाली बसून झाडत राहिली. मी भिंतीकडे तोंड केलं. लाज वाटली, पण त्यापेक्षा राग जास्त होता. तिला त्याचं ऐकायचंय तर त्याच्या घरी जाऊन राहा म्हणावं, असं मनात आलं. बजरंगची बायको वारल्याला चार वर्षं झाली.

२६ मार्च, बुधवार

ठरवलं. यंदा विणा मी घेणार. सात दिवस नाही, एकच दिवस, बारा ते दोन. गावासमोर एकदा उभा राहिलो की हे "बजरंगचं बगा" बंद होईल. वनमाला बायकांच्या बाजूला बसलेली असेल, तिने बघावं.

हिशोब सोपा आहे. एका गोळीत मी अर्धा तास उभा राहू शकतो. चार गोळ्यांत दोन तास. पाचवी खबरदारी म्हणून. वनमाला तळहातावर गोळी ठेवते आणि पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहते. मी ती जिभेखाली धरतो, आणि ती वळली की काढून कामावरच्या जुन्या रबरी हातमोज्यात टाकतो. त्या हातमोज्याला ती हात लावत नाही. विजेची वस्तू म्हणून भिते.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी वनमालेने एकटीने उभारली. मला काठी धरवत नाही.

बजरंग पाया पडायला आला. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "बुधवारी नऊ तारकीला माजा पहारा मला दे. एक दिवस." वाद होईल म्हणून मी चार वाक्यं तयार ठेवली होती. पहारा मुळात कोणाचा, कोणाच्या आजोबाने चालू केला, वगैरे.

तो म्हणाला, "घे की. तुजाच हाय."

इतक्या सहज दिला की मला जास्तच राग आला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. पुढे म्हणाला, "उबा ऱ्हायाला जमंल का पन? तासभर मी धरतो, तासभर तू."

"आख्खा धरीन."

"बरं." आणि वनमालेकडे बघितलं. तिने खाली बघितलं. या दोघांची ही नजर मला पाठ झाली आहे.

२ एप्रिल, बुधवार

वनमाला आता दिवसाला चार देते. त्यातली एक मी मोज्यात टाकतो. म्हणजे तीनच पोटात जातात. पहिले दोन दिवस वाटलं हाडं बाहेर येतील. आता आश्चर्य असं की काल दुखणं सहा होतं. आणि आज सकाळी मारुतीपर्यंत चालत गेलो आणि चालत आलो. कंपनीने औषध सुधारलं असावं.

मॅडमच्या वहीत तरीही नऊच लिहिलं.

५ एप्रिल, शनिवार

सप्ता बसला. कलश बसले, विणेची पूजा झाली. दुपारी मी मुद्दाम बारा वाजता गेलो. बजरंगने विणा घेतली. आधीचा विणेकरी त्याच्या पाया पडला, हा त्याच्या पाया पडला, आणि पट्टा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात आला. बजरंग वाकला तेव्हा त्याची पाठ कमानीसारखी झाली आणि सरळ आली. ती पाठ मी दोन तास बघत बसलो. नामात लक्ष लागलं नाही.

मोज्यात आठ आहेत. पुरेत, आजपासून साठवणं बंद.

१० एप्रिल, गुरुवार

कालचं लिहितो. हात जड आहे.

उपास होता. विणेकऱ्याने पहाऱ्याआधी खायचं नसतं. अकरा वाजता न्हाणीत जाऊन पाच गोळ्या एकदम घेतल्या. मंदिरात पोचेपर्यंत पाठ नाहीशी झाली होती. सहा वर्षांत पहिल्यांदा मला पाठ नव्हती. उन्हात मंडपाचं कापड पिवळं दिसत होतं आणि सगळी माणसं मला चांगली वाटत होती. आप्पारावसुद्धा.

बजरंग टाळकऱ्यांत होता. जवळ येऊन त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं, जरा जास्तच वेळ. मग हळू आवाजात म्हणाला, "किती खाल्ल्यास बे?"

"सर तिकडं."

"आज ऱ्हाऊ दे. उद्या घे. कुनाला सांगत न्हाई मी."

म्हणजे शेवटच्या घटकेला देणं त्याच्या जिवावर आलं. मी पट्टा गळ्यात घातला. वाकायला जमत नाही म्हणून आधीच्या विणेकऱ्याला नुसता हात जोडला, त्याने समजून घेतलं. विणेचा भोपळा खांद्याला लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. बायकांत वनमाला दिसली. ती माझ्याकडेच बघत होती.

टाळ ठेवून बजरंगची जेवायला जायची वेळ झाली होती, पण तो हलला नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. मी अंगठ्याने तार छेडायचो, एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, आणि दर वेळी तो तिथेच. दोन तास मला एकट्याला द्यायलाही तो तयार नव्हता. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटत होतं, पण हात उचलायचा कंटाळा येत होता.

साडेबारा झालेले आठवतात. मग तार छेडली की आवाज उशिरा यायला लागला. मग मंडप एका बाजूला गेला.

पुढचं लोकांनी सांगितलं. मी सरळ पुढे गेलो, तोंडावर. समोर देवळाच्या दगडी पायऱ्या आहेत. सगळे "विणा, विणा" म्हणून धावले, पण ते लांब होते. जवळ एकटा बजरंग. त्याचे हात विणेपर्यंत पोचले होते, असं चारजण सांगतात. त्याने विणा सोडली आणि मला काखेत धरलं. पट्टा माझ्या डोक्यावरून निसटला, विणा पायरीवर आपटली, भोपळा फुटला.

शुद्धीवर आलो तेव्हा माझं डोकं बजरंगच्या मांडीवर होतं आणि वनमाला माझ्या गालावर चापट्या मारत होती. कोणी हात जोडून उभे होते, कोणी फुटके तुकडे टॉवेलात गोळा करत होते. मागे टाळकरी घाबऱ्या आवाजात नाम ओढत होते.

११ एप्रिल, शुक्रवार

शेजारच्या गावातून दुसरी विणा आणली. महाराजांनी सांगितलं की नाम थांबलं नाही, तेव्हा सप्ता मोडला नाही. पण आप्पाराव ऐकत नाहीत. सत्तर वर्षांत विणा टेकली नव्हती.

माझ्याबद्दल गावाचं एकमत आहे. बिचारा, आजारी माणूस, त्यात उपास, ऊन लागलं. सगळा राग बजरंगवर. आप्पाराव त्याला भर मंडपात म्हणाले, "मानूस पडला तर उठतोय. इणा कावून सोडली?"

बजरंग म्हणाला, "चुकलं माजं."

एवढंच. गोळ्यांचं अक्षर काढलं नाही. त्याला ठाऊक होतं. त्याने यापुढे विणेला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि त्याने त्यालाही मान डोलावली. कालपासून शेरडं सोडायलाही तो पाराकडून जात नाही, मागच्या पांदीने जातो, असं वनमाला म्हणाली. आणि चुलीसमोर बसून रडली. कोणासाठी रडते ते मी विचारलं नाही.

मला आनंद व्हायला पाहिजे. बारा ते दोनमधून तो गेला. "बजरंगचं बगा" असं आता कोणी म्हणणार नाही. सकाळपासून मी तो आनंद शोधतोय. सापडतो तो भलताच राग. माझा पहारा त्याने घेतला. माझ्याआधी गोळ्या सोडून दाखवल्या. माझ्या बायकोचं हसू घेतलं. आता माझी चूकसुद्धा घेऊन गेला, आणि मी बिचारा. एवढा मोठा दोष आयुष्यात एकदा माझ्या वाट्याला आला, तोही त्याच्याच नावावर.

नाही. हे मी त्याला घेऊ देणार नाही.

१२ एप्रिल, शनिवार

आज काल्याचं कीर्तन. हंडी फुटायच्या आधी मी उठलो. महाराज थांबले. मला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण फुटला. काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो.

"इणा बजरंगनं सोडली न्हाई, मी पाडली. ऊन बीन काय लागलं न्हवतं. मी पाच गोळ्या एकदम खाऊन उबा ऱ्हायलतो. घरात चोरून साठवल्यात्या. त्यानं आदी मला अडवलंतं, मी ऐकलं न्हाई. त्यानं इणा धरली असती तर माजं डोकं त्या पायरीवर फुटलं असतं. काय बोलायचं ते मला बोला."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही. आप्पारावांनी पायरीकडे बघितलं. मग म्हणाले, "बस खाली, रादाकिशन. उबा ऱ्हाऊ नको." ओरडले नाहीत. ओरडायला पाहिजे होतं.

बजरंग मंडपात नव्हता. एका पोराने त्याला बोलावून आणलं. तो आला, आप्पारावांनी स्वतः त्याला दह्याचा काला दिला, आणि दुसरी विणा थोडा वेळ त्याच्या गळ्यात घातली. तो माझ्याकडे न बघता उभा राहिला. पुन्हा त्याच्याच गळ्यात. पण या वेळी मी घातली होती, एका अर्थी.

घरी आल्यावर हातमोजा वनमालेपुढे उलटा केला. तीन गोळ्या पडल्या. तिने त्या उचलल्या, डब्यात टाकल्या, आणि म्हणाली, "आनी कुटं?" मी म्हणालो, "न्हाई." तिने सगळं घर शोधलं. बाजेखाली, गहू ठेवायच्या पिंपात, माझ्या सगळ्या खिशांत. मी बसून बघत राहिलो. तिचा अधिकार होता.

१९ एप्रिल, शनिवार

मंगळवारी बीडला गेलो. मॅडमना दुखण्याचा आणि चोरलेल्या गोळ्यांचा खरा आकडा सांगितला. त्या रागावल्या नाहीत, नवीन कागद काढून पहिल्यापासून लिहायला लागल्या. उतरवायला बरेच महिने लागतील, मधे स्वतःच्या मनाने कमी नाही आणि जास्त नाही. पाच एकदम खाऊन जिवंत राहिलात हे नशीब, असं म्हणाल्या. आधी कमी झाल्यामुळे त्या पाच जास्त चढल्या, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. सर्दीचंही सांगितलं. ती सर्दी नव्हती.

आज पाय सारखे ओढतात. दुपारी बजरंग शेरडं सावलीला बसवून आला. वनमाला दळणाला गेली होती. त्याने न विचारता माझे पाय मांडीवर घेतले आणि दाबायला लागला. मी काढून घेणार होतो, पण बरं वाटत होतं.

मी म्हणालो, "तुजा लई राग येतो मला. अजून बी येतो."

"ठाव हाय."

"तुला कसं जमलं ते सांग. खरं सांग. मॅडमला सांगतोस ते नको."

त्याने पोटरीवर अंगठा रोवला. मग म्हणाला, "न्हाई जमलं. दोन डाव परत खाल्ल्या. शिरूरला बहिनीकडं गेलतो तवा एकदा. आन् एकदा सप्त्यात, गेल्या साली, तुज्या पहाऱ्याला. मला बी दोन तास उबा ऱ्हायाला येत न्हवतं."

मी उठून बसलो. तो खालीच बघत होता.

"म्हंजे वरीस झालं ते..."

"खोटं. सा म्हैने झाले. मॅडमला ठाव न्हाई. वैनीला बी न्हाई. तुलाच सांगितलं."

त्याने पाय बदलला आणि दुसरी पोटरी घेतली. फाटक वाजलं आणि वनमाला डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आत आली. आम्हा दोघांना असं बसलेलं बघून थबकली.

"काय बोलत व्हता?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "शेरडांचं."

ती बजरंगकडे बघत राहिली. एरवी तो तिला सगळं सांगतो. आज त्याने सांगितलं नाही. मग ती माझ्याकडे बघायला लागली. मी डोळे मिटून घेतले आणि पाय तसाच त्याच्या मांडीवर राहू दिला.